जुळे शब्द, वेगळी जबाबदारी

पेढीवर 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. मुळात ते जुळेच आहेत. एकच जर्मानिक शब्द फ्रेंचच्या दोन बोलींतून इंग्रजीत आला. उत्तरेकडील बोलीने 'व' राखला, दुसरीने त्याचा 'ग' केला. 'वॉर्डन' आणि 'गार्डियन' ही जोडीही अशीच. कायद्याने मात्र या जुळ्यांचे संसार वेगळे केले आहेत.

मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यात वॉरंटी म्हणजे विक्रीच्या मुख्य हेतूला पूरक असे दुय्यम वचन. ते मोडल्यास ग्राहकाला नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. माल नाकारण्याचा अधिकार मिळतो तो 'कंडिशन' मोडल्यावर. कंडिशन म्हणजे मुख्य हेतूला अत्यावश्यक अशी अट. करारात एखाद्या अटीला 'वॉरंटी' म्हटले असले, तरी ती कंडिशन ठरू शकते; निर्णय कराराच्या एकूण आशयावरून होतो.

गॅरंटीचा अर्थ १८७२ च्या करार कायद्यात आहे. तिथे पक्ष तीन : धनको, ऋणको आणि जामीनदार. ऋणकोने पैसे न दिल्यास ते जामीनदाराने द्यायचे. करारात वेगळे ठरलेले नसेल, तर त्याची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. बँकेने आधी ऋणकोकडून वसुलीचे सारे मार्ग संपवावेत, असा आग्रह तो धरू शकत नाही. 'कंटिन्युइंग गॅरंटी' असेल, तर ती एका व्यवहारावर न थांबता पुढील व्यवहारांनाही लागू होते. भावी व्यवहारांपुरती ती धनकोला सूचना देऊन मागे घेता येते.

मेहुण्याच्या किंवा व्याह्यांच्या शब्दाखातर 'नुसती सही' करताना हा भेद जाणला पाहिजे. साक्षीदार केवळ सही आपल्यासमोर झाल्याची साक्ष देतो. जामीनदार आपली पेढी पणाला लावतो.

सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, गणली आहे. लेखाला इतके महत्त्व देणाऱ्या परंपरेत, न समजलेल्या लेखावर सही करणे शोभत नाही. सही कोणत्या नात्याने, किती रकमेची आणि किती मुदतीची, हे तीन प्रश्न विचारल्याने नात्यात दुरावा येत नाही. न विचारल्याने मात्र पेढी आणि नाते दोन्ही जाऊ शकतात.