आतड्याची उसनवारी

जुलाब लागले की घरात पहिलं औषध स्वयंपाकघरातूनच येतं. पेलाभर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर साखर. ढवळायचं आणि घोट घोट पाजायचं. मीठ कशाला, ते कळतं. जुलाबावाटे मीठ जातं, ते भरून काढायला हवं. पण साखर कशासाठी? अंगात तरतरी यावी म्हणून? खारट चव झाकावी म्हणून? बहुतेकांना हीच दोन उत्तरं सुचतात, आणि दोन्ही चुकीची आहेत. खरं उत्तर हवं असेल तर पोटातल्या अन्नाचा माग सोडून पाण्याचा माग काढावा लागतो.

ज्वारीच्या भाकरीचा एक घास सावकाश चावत राहिलात तर थोड्या वेळाने तो गोडसर लागतो. भाकरीतलं पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब माळ. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर ही माळ तोडू लागतं. तिचा प्रत्येक जोड तुटताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. पिठल्यातली प्रथिनं आणि त्यावरच्या फोडणीचं तेल यांचीही तीच तऱ्हा. पाण्याच्या साहाय्याने मोठे रेणू फोडायचे, याचंच नाव पचन.

म्हणून शरीर घासावर अक्षरशः पाणी ओततं. दिवसभरात लाळ एक ते दीड लिटर, जठररस सुमारे 2 लिटर, यकृतातून येणारं पित्त अर्धा ते एक लिटर, स्वादुपिंडाचा रस दीड लिटरच्या आसपास, आणि त्यात आतड्याच्या स्वतःच्या पाझराची भर. बेरीज 7 लिटरच्या घरात जाते. आपण खाण्यापिण्यातून घेतो ते जेमतेम 2 लिटर. म्हणजे पचनमार्गाच्या या वाटेवर रोज सुमारे 9 लिटर पाणी वाहतं.

हे 7 लिटर येतात कुठून? रक्तातून. आणि आपल्या सगळ्या रक्तातला द्रवभाग भरतो अवघा 3 लिटर! घरात असेल त्याच्या दुपटीहून जास्त रोज द्यायचं, तर ते उसनंच द्यावं लागणार, आणि दिलेलं त्याच दिवशी परत यायला हवं. निरोगी माणसात ते येतंही. 9 लिटरांपैकी विष्ठेवाटे बाहेर जातं फक्त 100 ते 200 मिलिलिटर, म्हणजे चहाच्या कपाएवढं. इतका चोख हिशेब वाण्याच्या वहीतही सापडणार नाही.

उसन्या पाण्याचं काम टप्प्याटप्प्याने चालतं. जठरात ते आम्ल होऊन अन्नाची पेज करतं. जठराच्या तळाची झडप ही पेज एकदम सोडत नाही, थोडी थोडी पुढे ढकलते. लहान आतड्याच्या तोंडाशीच स्वादुपिंडाचा अल्कधर्मी रस आम्लाची धार मारतो, आणि तेलकट कढईवर साबण चालतो तसं पित्त चरबीचे बारीक थेंब करतं. इथवर सगळी देणीच. वसुली सुरू होते ती पुढे, सुमारे 6 मीटर लांबीच्या लहान आतड्यात.

या आतड्याचं अस्तर गुळगुळीत नाही. त्याला घड्या आहेत, घड्यांवर मखमलीच्या लवेसारखे अंकुर आहेत आणि अंकुरांवरच्या पेशींना आणखी बारीक केसाळ कड आहे. हे सगळं उलगडलं तर टेनिसचं मैदान झाकलं जाईल, असं बरीच वर्षं पुस्तकांतून छापलं जात होतं. 2014 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नव्याने मोजणी केली, तेव्हा पचनमार्गाच्या अस्तराचं क्षेत्रफळ 32 चौरस मीटरच्या आसपास भरलं. टेनिसचं मैदान आकसून बॅडमिंटनच्या कोर्टाच्या अर्ध्यावर आलं. तरी पोटात घडी घालून ठेवायला हेही काही कमी नाही.

एवढ्या पृष्ठभागावर पाणी ओढून घेणारा पंप मात्र एकही नाही. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, कारण मीठ जिकडे तिकडे पाणी. आतडं हाच नियम वापरतं. आधी मिठातलं सोडियम पेशीत घ्यायचं, मग पाणी आपोआप मागोमाग येतं. सोडियमला आत यायला बरीच दारं आहेत. त्यातल्या एका दाराचा नियम सत्यनारायणाच्या पूजेसारखा, जोडीनेच यायचं. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक, असे एकत्र आले तरच हे दार उघडतं. एकट्या सोडियमला तिथे प्रवेश नाही. रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने ही जोडगोळीची कल्पना 1960 मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली. साखर कशासाठी, याचं उत्तर इथे आहे. मिठाला आत न्यायला ती जोडीदार म्हणून लागते.

या दाराचं मोल कळलं पटकीमुळे, म्हणजेच कॉलऱ्यामुळे. ज्या रोगापायी गावोगाव मरीआईला साकडं घातलं जाई, तो आतड्यात नेमकं काय करतो हे 1959 मध्ये कोलकात्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी सशांवरच्या प्रयोगातून दाखवलं. पटकीचे जंतू आतड्याची भिंत फोडत नाहीत, ते एक विष सोडतात. त्या विषाने पेशींमधून क्षार बाहेर सोडणारी तोटी उघडीच्या उघडी राहते. क्षार बाहेर, म्हणून पाणीही बाहेर. साध्या मिठाची आत येण्याची नेहमीची वाटही मंदावते. उसनवारी चालू आणि परतफेड बंद! रोग जोरात असला तर तासाला लिटरभर पाणी जातं, आणि धडधाकट माणूस दिवसभरात दगावू शकतो.

पण या सगळ्या पडझडीत ते जोडीचं दार शाबूत राहतं. नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर ते तसंच वाहून जातं. त्यात योग्य प्रमाणात ग्लुकोज घातलं की आत शिरतं. 1968 मध्ये डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ढाक्यात पटकीच्या रुग्णांवर हे सिद्ध केलं. तरी शिरेतून सलाईन, तेही रुग्णालयात, हाच खरा उपचार असं बहुतेक डॉक्टर मानत होते.

1971 मध्ये बांगलादेश युद्धातले निर्वासित लाखोंनी पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तिथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या बांधवून घेतल्या. पिंपात द्रावण करायचं, तोटीखाली भांडं धरायचं, आणि पाजायचं काम रुग्णाच्या आईने, भावाने, नवऱ्याने करायचं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्के होतं, ते 3.6 टक्क्यांवर आलं. आपण जिला जलसंजीवनी म्हणतो तिची ही खरी परीक्षा. डॉ. महालनबीस 2022 मध्ये गेले; पद्मविभूषण त्यांना पुढच्या वर्षी, मरणोत्तर मिळालं.

आता पुन्हा त्या पेल्याकडे येऊ. चमचाभर साखरेने गुण येतो म्हणून चार चमचे घातले तर काय होईल? काकडीचा नियम उलटेल. आतड्यातलं द्रावण फार गोड झालं की तेच अंगातलं पाणी बाहेर खेचतं आणि जुलाब वाढतात. जुलाबात शीतपेयं आणि डब्यातले गोड रस नकोत, ते याचसाठी. जागतिक आरोग्य संघटनेनेही ग्लुकोजचं प्रमाण पूर्वीच्या 20 ग्रॅमवरून 2002 मध्ये लिटरला 13.5 ग्रॅमवर आणलं. मीठ घातलेली तांदळाची पेज चालते, कारण तिच्यातलं पिष्ट हळूहळू तुटतं. ग्लुकोज मिळत राहतं आणि द्रावण एकदम गोड होत नाही.

दुकानातली पुडी मिळाली तर उत्तमच. ती पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, पुरती एकदम विरघळवायची. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली, मूल मलूल पडलं किंवा पोटात काहीच ठरेना, तर मात्र घोट घोट पाजतच दवाखाना गाठावा.

आणि पाजण्याआधी एक थेंब स्वतःच्या जिभेवर घेऊन पाहावा. अश्रूंपेक्षा खारट लागला, तर पेला ओतून नव्याने भरावा.