इंग्रजीचा शिक्षक घडतो कसा?

ज्याला पोहतां येतें त्याला पोहणें शिकवितां येतेंच असें नाहीं, हें कोणीहि मान्य करील. इंग्रजीच्या बाबतींत मात्र ही साधी गोष्ट विसरली जाते. इंग्रजी विषय घेऊन पदवी मिळविली कीं माध्यमिक शाळेंत तो विषय शिकविण्याची पात्रता आपोआप आली, असें सुशिक्षित घरांतहि समजलें जातें. शेक्सपियर आणि वर्ड्स्वर्थ वाचून उत्तीर्ण झालेला पदवीधर नववीच्या वर्गापुढें उभा राहतो, आणि 'मुलें बोलत कां नाहींत?' ह्या पहिल्याच प्रश्नापाशीं अडतो. ह्या प्रश्नाचें उत्तर शोधावयास शिकविणें हेंच अध्यापक-शिक्षणाचें खरें प्रयोजन होय.

ह्या दृष्टीनें छत्रपति संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचें औरंगाबाद, हें शहर पाहण्याजोगें आहे. १९१८ सालीं हैदराबादेस निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें व इंग्रजी हा आवश्यक विषय होता. म्हणजे मराठवाड्यांतील विद्यार्थ्याला घरची मराठी मागें ठेवून उर्दूच्या वाटेनें इंग्रजी गांठावी लागे. १९४८ मध्यें निजामी राजवट संपली. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, आणि १९९४ मध्यें त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव जोडलें गेलें. शिक्षक होऊं इच्छिणारे पदवीधर येथें मराठी शाळांतून येतात, तसेच उर्दू शाळांतूनहि येतात. त्यांतील अनेकांना इंग्रजी पुस्तकांतूनच भेटलेली असते.

बी. एड. चा अभ्यासक्रम पूर्वीं एका वर्षाचा असे. २०१५ पासून तो दोन वर्षांचा झाला. त्यांतील २० आठवडे शाळांत काढावयाचे असतात, पैकीं १६ दुसऱ्या वर्षीं. परंतु वर्गावर जाण्यापूर्वीं सूक्ष्म अध्यापनाची पायरी असते. ही रीत १९६३ च्या सुमारास अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत निघाली. छात्राध्यापक आपल्या सोबत्यांनाच विद्यार्थी कल्पून कांहीं मिनिटांचा पाठ देतो, आणि एका वेळीं एकाच कौशल्याचा सराव करतो. आज प्रश्न विचारणें, उद्यां फळ्यावरील लेखन. पाठ संपतांच दोष सांगितले जातात, व तोच पाठ सुधारून पुन्हा द्यावा लागतो. येथें नवख्यांचा एक दोष चटकन् उघड होतो. शिक्षक प्रश्न विचारतो आणि क्षणभरहि न थांबतां उत्तरहि आपणच देतो!

पुढें सरावपाठ सुरू होतात. त्यांसाठीं लिहिलेल्या पाठ-टाचणांत शिक्षक काय करील हें एका बाजूस, आणि विद्यार्थी काय करतील हें दुसऱ्या बाजूस मांडावयाचें असतें. दुसऱ्या बाजूस 'ऐकतील' ह्यापलीकडे शब्द नसेल तर तो भाषेचा पाठ नव्हे, व्याख्यान होय. 'मी खिडकी उघडीत आहें' अशा अर्थाचें वाक्य फळ्यावर लिहून त्याचा काळ ओळखावयास लावणें सोपें आहे. पण शिक्षकानें खरोखर खिडकी उघडीत तें वाक्य इंग्रजींत म्हणावें, मग एका मुलास दार उघडावयास सांगून 'तूं काय करीत आहेस?' असें इंग्रजींतच विचारावें, म्हणजे काळाचें नांव न घेतांहि काळ समजतो.

येथें शिक्षकाची स्वतःची मायबोली उपयोगी पडते. मराठी वाक्यांत क्रियापद शेवटीं येतें. इंग्रजींत तें कर्त्यामागोमाग येतें. 'टेबलावर' ह्या शब्दांतील 'वर' नामाच्या मागून येतो, तर इंग्रजींतील 'ऑन' नामाच्या आधीं. 'अ' आणि 'द' ह्या उपपदांना मराठींत जोड नाहीं. 'फोटोग्राफ' ह्या शब्दांत आघात पहिल्या अक्षरावर, तर 'फोटोग्राफर' ह्यांत दुसऱ्यावर. मराठी कानाला ही संवय नसते. मराठी मूल 'स्कूल' सहज म्हणतें, उर्दू बोलणाऱ्याच्या तोंडीं 'इस्कूल' येण्याचा संभव असतो. जो शिक्षक ह्याच ठिकाणीं स्वतः अडखळला, त्यास मूल कोठें अडखळेल हें आधींच ठाऊक असतें. म्हणून वर्गांतून मराठी हांकलून देण्याचें कारण नाहीं. एका मराठी शब्दानें पांच मिनिटें वांचत असतील तर तो जरूर वापरावा. मात्र वांचलेलीं तीं पांच मिनिटें इंग्रजी बोलण्यास द्यावीं.

महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. म्हणजे नववींतील मुलाच्या पदरीं आठ वर्षें असतात. तरीहि दहावीच्या शंभर गुणांपैकीं ८० लेखी परीक्षेचे असल्यानें तयार उत्तरें उतरवून देण्याचा मोह मोठा असतो. शहरांतील सुखवस्तु मुलाला शाळेबाहेरहि इंग्रजी ऐकावयास मिळते. तालुक्याच्या गांवीं शेतावरून शाळेंत येणाऱ्या मुलीला मात्र इंग्रजी ऐकण्याची व बोलून चुकण्याची जागा म्हणजे बहुधा ती एकच तासिका. ती उत्तरें उतरविण्यांत गेली तर मुलगी परीक्षा उत्तीर्ण होईल, आणि पुढें महाविद्यालयांत विज्ञानाचें इंग्रजी पुस्तक हातीं येतांच थबकेल. तिची वाट मोकळी होणें किंवा अडणें हें पुष्कळसें तिच्या शिक्षकानें त्या दोन वर्षांत एक गोष्ट शिकून घेतली कीं नाहीं ह्यावर अवलंबून आहे: प्रश्न विचारल्यावर गप्प बसून उत्तराची वाट पाहणें.