एका रात्रीची शर्यत

मोटारसायकलच्या शर्यतीत प्रेक्षकांना दिसतो तो एकटा स्वार. त्याच्यासाठी इतरांनी जागून काढलेल्या रात्री कुणाला दिसत नाहीत. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चचे अभियंते जॉन ब्रिटन यांनी चारदोन मित्रांच्या साहाय्याने, घरच्याच शेडमध्ये ‘व्ही १०००’ ही मोटारसायकल घडविली. चाके कार्बनतंतूंची, आणि रेडिएटर चक्क बैठकीखाली! इंजिनाचे बहुतेक भागही त्यांनी स्वतःच केले.

१९९२ च्या मार्चमध्ये ही मंडळी अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीस उतरली. तेथील धावपट्टीची वळणे ३१ अंशांनी कललेली. समोर डुकाटीसारख्या नामांकित कारखान्याची यंत्रे. आणि आदल्या रात्री इंजिनाला तडा गेल्याचे आढळले! सुटा भाग मागवावा तर मायदेश सातासमुद्रांपलीकडे. मंडळींनी रात्रभर खपून तो तडा सांधला.

दुसऱ्या दिवशी अँड्र्यू स्ट्राउड याने गाडी आघाडीवर नेली. विजय दृष्टिपथात आला, आणि विजेच्या यंत्रणेतील क्षुल्लक बिघाडाने गाडी थांबली. हातातोंडाशी आलेला घास गेला!

तरी मंडळींनी पेट्या बांधल्या त्या पुन्हा येण्यासाठीच. १९९४ साली त्याच डेटोनावर त्याच स्वाराने त्यांना विजय मिळवून दिला. पुढच्याच वर्षी, वयाच्या ४५ व्या वर्षी, ब्रिटन कर्करोगाने निवर्तले. अशा गाड्या निघाल्या अवघ्या १०. त्यांतील एक वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ संग्रहालयात आहे. ती पाहणाऱ्याने तिच्या वेगाबरोबरच डेटोनाच्या त्या जागत्या रात्रीचीही आठवण करावी.