कळशीवरचं नाव

दोस्तांनो, एक काम कराल? हा लेख पुढे वाचण्याआधी जरा स्वयंपाकघरात जाऊन या. फळीवरचा एखादा जुना पितळी डबा, तांब्या नाहीतर पातेलं खाली घ्या (घरच्यांना विचारून, बरं का!) आणि त्याचा काठ निरखून पाहा. बारीक ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं एखादं नाव दिसतंय? कदाचित तारीखसुद्धा? दिसलं ना? मग आता सांगा, हे नाव कुणाचं?

नाही सांगता येत? लाजू नका. मलाही सांगता आलं नव्हतं. त्याचीच तर ही गोष्ट आहे.

साताऱ्याला आमचं जुनं घर होतं. न्हाणीघरात तांब्याचा बंब, बंबाशेजारी घंगाळ आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक पितळी कळशी. ही कळशी आजीला तिच्या वडिलांनी लग्नात दिलेली. तिच्यावर आजीचं माहेरचं नाव घातलेलं होतं. पूर्वी आपल्याकडे बऱ्याच घरांत लग्नात मुलीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवरदेवानं त्यावर अंगठीनं नवं नाव लिहायचं. आजीचंही नाव तसंच बदललं. ती कधी शाळेत गेली नव्हती, त्यामुळे तिचं जुनं नाव कुठल्या दाखल्यावर नव्हतं. ते होतं फक्त कळशीवर.

१९८७ साली आम्ही दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला गेलो. तिथे बंब पेटवणार कुठे? आणि रोज चिंचेनं कळशी घासणार कोण? आईबाबांनी सगळं तांबं-पितळ मोडीत द्यायचं ठरवलं. दुकानदारानं एकेक भांडं तराजूत टाकलं, वजन केलं आणि त्या बदल्यात स्टीलचं चकचकीत पिंप दिलं. आजी काहीच बोलली नाही. कळशी तराजूत जाण्याआधी तिनं ती पदरानं पुसली, एवढं मला आठवतं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. नव्या पिंपात तोंड घालून ‘ऊऽऽ’ केलं की आवाज कसा घुमतो, याचीच मला गंमत वाटत होती.

पुढे आजी गेली. बरीच वर्षं लोटली. तीन-चार वर्षांपूर्वी गणपतीत सगळे जमलो होतो. जुने फोटो निघाले. माझ्या मुलीनं सहज विचारलं, “पणजीचं आधीचं नाव काय हो?”

“‘व’वरून होतं काहीतरी,” बाबा म्हणाले.

“छे! ‘ग’वरून,” काका म्हणाले.

दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी आत्याला फोन लावला, तर तिनं तिसरंच नाव सांगितलं! आम्ही खूप हसलो. आणि मग एकदम सगळे गप्प झालो. तिघांनीही लहानपणी त्याच कळशीतलं पाणी प्यायलं होतं. ती चार अक्षरं तिघांच्याही डोळ्यांखालून हजारदा गेली असतील. पण एकालाही ती नक्की आठवेनात.

चूक कुणाची? आईबाबांची म्हणता येणार नाही. जागा लहान होती, आई नोकरी करत होती, स्टील घासायला सोपं होतं. सगळ्याच जुन्या वस्तू जपून ठेवायच्या म्हटल्या, तर माणसांना राहायला जागा उरणार नाही! पण मोडीत देण्याआधी ते नाव कुणी कागदावर उतरवून घेतलं असतं तर? दोन मिनिटांचं तर काम होतं.

भांडी बोलतात!

पूर्वी लग्नकार्य दारातच व्हायचं. शेजारपाजारची पातेली, परातीही त्या दिवशी कामाला लागायच्या. मग कुणाचं कुठलं हे कळायला नाव हवंच. कारागीर मांडी घालून बसायचा, छोट्या छिन्नीवर हातोडीचे हलके ठोके द्यायचा आणि टिकटिक करत नाव उमटायचं. नुसतं मालकाचं नव्हे हं! कुणाच्या मुंजीत, कुणाच्या लग्नात, कुणाकडून आणि कोणत्या साली, हेसुद्धा. म्हणजे आपली फळी ही एक बखरच झाली की! फक्त ती वाचायला कुणाला वेळ नाही.

नावाखेरीज आणखीही खुणा असतात. तांब्याच्या भांड्यावर शेकडो छोटे खळगे दिसतात, ते पाहिलेत? ते हातोडीचे ठोके. याला मठारकाम म्हणतात. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो आणि भांडं मजबूत बनतं. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी या कामासाठी प्रसिद्ध आहे. भांड्याच्या आतला पांढुरका थर म्हणजे कल्हई. भांडं तापवायचं, त्यावर नवसागर टाकायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ते पातळ झालेलं कथील भरभर फिरवायचं. पांढरा धूर निघतो आणि काळं भांडं आतून चांदीसारखं लखलखतं! तुमच्या आजोबांना विचारा, कल्हईवाला आला की आळीतली सगळी पोरं भोवती जमायची की नाही?

आता तुमची पाळी

येत्या रविवारी घरात शोधमोहीम काढा. माळा, ट्रंक, देवघर, कपाटाचा तळ. माळ्यावर मात्र मोठ्या माणसाशिवाय चढायचं नाही. वस्तू सापडली की हे करा:

१. नावाचा छाप घ्या. कोरलेल्या अक्षरांवर पातळ कागद घट्ट धरा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतील. डोळ्यांना न दिसणारं पुसट नावही कधीकधी असं वाचता येतं.

२. विचारा. आजी, आजोबा, मोठी आत्या, शेजारचे काका, जे कुणी सांगू शकतील त्यांना. वस्तू त्यांच्या हातात द्या आणि मगच प्रश्न विचारा. हातात वस्तू आली की आठवणी आपोआप निघतात.

३. चिठ्ठी लिहा. वस्तू काय, कुणाची, कुठून आली, केव्हा आली आणि हे कुणी सांगितलं. चिठ्ठी त्या वस्तूतच ठेवा आणि एक प्रत वहीत लिहा. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा!

४. साफ करा, पण जपून. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हवा लागून त्यावर काळपट थर चढतो. चिंचेतल्या आंबटपणानं तो निघतो. चिंच लावून हलकं चोळा, धुवा आणि लगेच कोरडं पुसा. वाळूनं किंवा विटेच्या भुकटीनं खसाखसा घासू नका, नाहीतर नावच झिजेल. आणि एक लक्षात ठेवा. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक, आमटी, लोणचं असलं आंबट काही ठेवायचं नाही. ते कळकतं आणि पोटाला बाधतं.

अडगळ की सजावट?

“आधीच घरात जागा नाही, त्यात तुझी ही अडगळ!” असं आई म्हणणारच. तिचंही बरोबर आहे. म्हणून गुपित सांगते. वस्तू कोपऱ्यात पडून राहिली तर ती अडगळ. तीच रोज हाताशी आली तर घराची शोभा!

घंगाळात पाणी घालून झेंडूची फुलं सोडा आणि ते दारापाशी ठेवा. आजोबांच्या पानाच्या डब्यात किल्ल्या किंवा तुमची पोस्टाची तिकिटं राहतील. जड खलबत्ता पुस्तकांच्या रांगेला टेकू देईल. जेवायचा जुना पाट दोन कुंड्यांचं बैठं टेबल होईल. नऊवारी लुगड्याची गोधडी पेटीत कोंडू नका, पलंगावर पसरा. तिच्यातला प्रत्येक तुकडा कुणाचा, हे आजीला विचारायला मात्र विसरू नका. जुना रेडिओ असेल तर तो शोभेलाच ठेवा. त्याच्या वायरी जीर्ण झालेल्या असतात, त्यामुळे परस्पर प्लगला लावायचा नाही!

कृष्णधवल फोटो भिंतीवर लावायचे असतील तर त्यांची प्रत काढून ती लावा. उन्हानं फोटो फिका पडतो, म्हणून मूळ फोटो अंधारात आणि कोरड्या जागी ठेवा. पाठीमागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, बॉलपेननं नको. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

आणि सगळ्या वस्तू एकदम मांडू नका. तीन-चार पुरेत. दिवाळीला बदला. पाहुणे विचारतील, “हे काय?” की तुम्ही गोष्ट सांगायला मोकळे!

एका बाबांनी मांडलेलं घर

पुण्याला गेलात तर बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर पाहा. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करायचे. इतर लोक राजेरजवाड्यांच्या वस्तू शोधत असताना हे मात्र घराघरांतले दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं, इतकंच काय, पाय घासायच्या वज्रीसुद्धा गोळा करत गावोगाव हिंडले! या कामात त्यांच्या पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. वीस हजारांहून अधिक वस्तू जमल्या. पुढे त्यांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. नावातला ‘राजा’ कोण, ठाऊक आहे? कुणी राजा-महाराजा नव्हे. तो त्यांचा मुलगा. लहानपणीच वारला. त्याची आठवण म्हणून या संग्रहालयाला त्याचं नाव दिलं.

म्हणजे पाहा, ज्या अडकित्त्यांना आणि दौतींना लोक मोडीत काढत होते, त्यांच्यामुळे आज एका छोट्या मुलाचं नाव कितीतरी लोकांच्या ओठी येतं.

माझ्या आजीचं नाव मात्र मला अजून सापडलेलं नाही. तिच्या माहेरच्या गावी जाऊन आले, एक-दोन म्हाताऱ्या बायकांना विचारलं. त्यांनाही आठवलं नाही. आमच्या घरी शोकेसमध्ये एक नवी पितळी कळशी आहे. तिच्यावर माझ्या मुलीनं हट्टानं आजीचं सासरचं नाव घालून घेतलं आणि त्याच्या वर थोडी जागा रिकामी सोडायला लावली. न जाणो, कधी कळलंच तर!

तुमच्या घरच्या फळीवरची जागा अजून रिकामी झालेली नाही ना? मग उठा पाहू. कागद आणि पेन्सिल घ्या.