साखरपुड्याचीं छायाचित्रें : त्यांची निवड व मांडणी

साखरपुड्याचा समारंभ दोन-अडीच तासांत आटोपतो. पेढ्यांचे पुडे वाटले जातात, व्याही-विहिणी एकमेकांचा निरोप घेतात, आणि कार्यालयाच्या दारांतली रांगोळी पावलांखालीं पुसट होऊं लागते. अशा वेळीं सर्वांत शेवटीं बाहेर पडणारा मनुष्य म्हणजे छायाचित्रकार. त्याचें काम संपलें असें यजमानांस वाटतें. परंतु ज्यानें हा धंदा नुकताच आरंभिला आहे त्यास घरीं पोंचल्यावर कळून येतें कीं, कामाचा अवघड भाग आतांच सुरू झाला आहे. कॅमेऱ्यांतील इवल्याशा कार्डावर हजार-दीड हजार चित्रें सांठलेलीं असतात. त्यांतील कोणतीं ठेवावयाचीं, कोणतीं टाकावयाचीं, आणि जीं ठेवलीं तीं दोन कुटुंबांपुढें कोणत्या रीतीनें मांडावयाचीं, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्याचा लौकिक अवलंबून असतो. चित्र टिपण्याचें शिक्षण पुष्कळ ठिकाणीं मिळतें. निवडीचें शिक्षण मात्र बहुधा चुका करूनच मिळतें.

हा प्रश्न पूर्वीं इतका बिकट नव्हता. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ सालीं झाली, त्या काळीं कांचेच्या तबकडीवर औषधाचा लेप देऊन तो ओला असतांनाच चित्र घेण्याची रीत प्रचारांत येत होती. अशा खटाटोपांत दिवसाकाठीं मोजकींच चित्रें निघत, आणि म्हणून निवड ही चित्र घेण्यापूर्वींच होत असे. पुढें फिल्म आली. तरी तिच्या लहान गुंडाळींत ३६ आणि मोठ्या चौकोनी चित्रांच्या गुंडाळींत १२ चित्रेंच मावत. १९७५ सालीं अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें फिल्मवांचून चालणारा अंकीय कॅमेरा सिद्ध केला. त्याचें चित्र १०० गुणिले १०० ठिपक्यांचें असे व तें फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आजचे कॅमेरे एका सेकंदांत दहा-वीस चित्रें सहज टिपतात. खर्चाचा लगाम सुटल्यामुळें हातही सुटला. जो विवेक पूर्वीं कळ दाबण्याआधीं करावा लागे, तो आतां कळ दाबल्यानंतर करावा लागतो, इतकाच काय तो फरक.

निवडीस बसण्यापूर्वीं एक काम अगत्याचें आहे. कार्डावरील सर्व चित्रांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या तबकड्यांवर उतरवून घ्याव्या, आणि त्यांतील एक शक्यतों दुसऱ्या जागीं ठेवावी. लग्न पुन्हां लागत नाहीं, आणि साखरपुडाही पुन्हां होत नाहीं. त्यानंतर एक रात्र मध्यें जाऊं देणें हितकारक असतें. ज्या चित्रासाठीं खुर्चीवर चढून कसरत केली, तें चित्र त्याच रात्रीं उगाच मोठें वाटतें. दुसऱ्या दिवशीं श्रमांचा विसर पडलेला असतो आणि चित्र तेवढें समोर उरतें.

पहिली फेरी केवळ वगळण्याची असावी. मिटलेले डोळे, हललेला हात, घांस घेतांना उघडलेलें तोंड, चेहऱ्याऐवजीं मागच्या पडद्यावर साधलेली स्पष्टता, असे उघड दोष असलेलीं चित्रें या फेरींत बाजूस पडतात. चित्र पडद्यावर पूर्ण आकारांत मोठें करून डोळ्यांची स्पष्टता येथेंच तपासावी. छोट्या आकारांत सर्वच चित्रें स्पष्ट भासतात. या फेरींत "हें सुंदर आहे काय?" असा प्रश्न विचारूं नये. "हें वापरतां येईल काय?" एवढेंच विचारावें. दोन प्रश्न एकाच वेळीं विचारले म्हणजे मन थकतें आणि शंभराव्या चित्रापुढें निर्णय ढिला पडतो.

दुसऱ्या फेरींत सारखीं चित्रें एकत्र करावीं. अंगठी घालण्याच्या एका क्षणाचीं पंधरा चित्रें असतील, तर त्यांतील एकच ठेवावें, फार तर दोन. येथें जुन्या स्टुडिओंतील रीत आठवण्यासारखी आहे. फिल्मच्या पट्ट्या कागदावर प्रत्यक्ष ठेवून सर्व चित्रें लहान आकारांत एकाच पानावर छापीत, आणि भिंगांतून पाहून पसंत चित्राभोंवतीं रंगीत पेन्सिलीनें खूण करीत. शेजारीं शेजारीं ठेवल्यावांचून दोन चित्रांतील भेद डोळ्यांत भरत नाहीं, हें त्या रीतीचें मर्म होय. आजच्या संगणकावरही चित्रें एकामागून एक पहाण्यापेक्षां समोरासमोर ठेवून पहावीं. बोटाकडे पहाणाऱ्या वधूपेक्षां वराच्या चेहऱ्याकडे पहाणारी वधू अधिक बोलते, हें अशा तुलनेंतच उमगतें.

तिसरी फेरी प्रसंगांची. मराठी घरांतील साखरपुड्यास एक ठरलेला क्रम असतो. वराकडील सुवासिनी वधूस कुंकू लावतात, साडी देतात, ओटी भरतात आणि ज्या साखरेच्या पुड्यावरून या विधीस नांव मिळालें तो पुडा तिच्या हातीं ठेवतात. वधूकडील मंडळी वराचा सत्कार करतात. अंगठ्या घातल्या जातात. वडीलधाऱ्यांस नमस्कार होतात. या क्रमाची यादी जवळ ठेवून प्रत्येक प्रसंगाचें निदान एक चित्र निवडींत आहे कीं नाहीं, हें पडताळावें. नव्या छायाचित्रकाराचा सामान्य दोष असा कीं, सजविलेल्या दांपत्याचीं साठ चित्रें तो ठेवतो आणि ओटी भरणाऱ्या आत्याबाईंचें एकही ठेवीत नाहीं. दोन्ही घरच्या मंडळींची गणतीही याच फेरींत करावी. एका बाजूचे काका चार चित्रांत आणि दुसऱ्या बाजूचे एकाही चित्रांत नाहींत, ही गोष्ट छायाचित्रकाराच्या ध्यानांत येत नाहीं. व्याह्यांच्या मात्र तत्काळ येते.

आणि येथेंच पहिल्या फेरीचा नियम मोडण्याची वेळ येते. समजा, कोपऱ्यांतील खुर्चीवर बसलेल्या आजीबाईंनीं नातीच्या गालावरून हात फिरविला. प्रकाश अपुरा होता, चित्र किंचित् हललें आहे, आणि मागें कोणाची तरी पाठ आली आहे. शास्त्राप्रमाणें तें टाकाऊ आहे. परंतु आजीबाईंचें तें एकच चित्र असेल, तर तें टाकण्याचा अधिकार छायाचित्रकारास नाहीं. पुढील वर्षीं त्या नसतील, तर त्या घरांत तेंच चित्र भिंतीवर लागेल. म्हणून टाकलेल्या चित्रांवरून शेवटीं एकदां ओझरती नजर फिरवावी, आणि वृद्ध माणसें, लहान मुलें व परगांवाहून आलेले आप्त यांचीं एकुलतीं एक चित्रें परत उचलून घ्यावीं.

किती चित्रें दाखवावीं, याविषयीं नवा मनुष्य नेहमीं उदार असतो. अधिक दिलें म्हणजे ग्राहक अधिक संतुष्ट होईल, असें त्यास वाटतें. याबाबत शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग उद्बोधक आहे. एका दुकानांत कधीं २४ प्रकारचे मुरंबे मांडले, कधीं ६ प्रकारचे. चोवीसांच्या मांडणीपाशीं थांबणारे लोक अधिक होते. परंतु त्यांपैकीं सुमारें ३ टक्के लोकांनींच खरेदी केली, आणि सहांच्या मांडणीपाशीं थांबलेल्यांपैकीं सुमारें ३० टक्क्यांनीं केली. पुढील संशोधनांत हा परिणाम सर्वत्र सारखा आढळला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. पण जेथें वस्तू एकमेकींसारख्या असतात व निवडणाऱ्याची आवड आधीं ठरलेली नसते तेथें गोंधळ वाढतो, हें समजण्याजोगें आहे. एकाच प्रसंगाचीं दहा जवळजवळ सारखीं चित्रें पुढें ठेवणें म्हणजे आपलें काम ग्राहकावर ढकलणें होय. शिवाय पहाणारा मनुष्य कारागिराची पारख त्याच्या सर्वांत कच्च्या चित्रावरून करतो. दीड हजारांतून दीडशें निवडावीं, त्यांतील तीस-चाळीस वेगळीं काढून प्रथम दाखवावीं, असें प्रमाण साधारणतः सोईचें पडतें. मात्र किती चित्रें मिळतील हा आंकडा काम घेतांनाच लेखी ठरलेला असावा. नंतरचें सौजन्य कंजुषीसारखें दिसतें.

आतां मांडणीविषयीं. चित्रें प्रथम दाखवितांना तीं मोबाईलवर सुटीं सुटीं पाठवूं नयेत. संदेशाच्या सामान्य रीतीनें पाठविलेलें चित्र वाटेंत आकसतें, आणि काकूंच्या मोबाईलवर तें एका रंगाचें तर मामांच्या मोबाईलवर दुसऱ्याच रंगाचें दिसतें. शक्य असेल तर दोघां नियोजित वधूवरांस एकत्र बोलावून मोठ्या पडद्यावर, रंग नीट जुळविलेलीं चित्रें दाखवावीं. क्रम समारंभाचाच ठेवावा. पण आरंभीं एक असें चित्र असावें कीं जें पाहून बोलणें थांबेल, आणि अखेरीस एखादें शांत चित्र असावें. दाखवितांना छायाचित्रकारानें भिंगांच्या व प्रकाशाच्या गोष्टी सांगूं नयेत. गप्प राहून पहाणारे कोठें थांबतात, कोठें हंसतात, याची मनांत नोंद घ्यावी. अल्बमांतील मोठीं पानें कोणतीं, हें त्या थांबण्यांतूनच ठरतें. दोन-तीन चित्रें कागदावर छापून नेलीं तर अधिक बरें. कागद हातांत आला म्हणजे लोक तो एकमेकांकडे देतात आणि बोलूं लागतात.

छापण्याचें गणितही आधीं समजावून द्यावें. उत्तम छपाईस इंचास ३०० ठिपके धरतात. आठ बाय बारा इंचांच्या चित्रास २४०० गुणिले ३६०० ठिपके पुरतात. परंतु अल्बमाचें उघडलेलें पान बारा बाय छत्तीस इंचांचें असेल, तर ३६०० गुणिले १०,८०० ठिपके लागतात, आणि चोवीस दशलक्ष ठिपक्यांच्या कॅमेऱ्याचें एक चित्र साधारण ६००० गुणिले ४००० चें असतें. गर्दींतून कापून काढलेला लहानसा चेहरा दोन पानांवर पसरण्याचा हट्ट कां धरूं नये, हें या आंकड्यांवरून कोणासही पटतें.

पुष्कळदां वधू म्हणते, "यांत मी माझ्यासारखी दिसतच नाहीं," आणि शेजारीं बसलेल्या वरास तेंच चित्र सर्वांत आवडलेलें असतें. दोघेंही खरें बोलत असतात. मिटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकन संशोधकांनीं १९७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत स्त्रियांना त्यांचींच दोन चित्रें दाखविलीं, एक सरळ व दुसरें आरशांतल्यासारखें उलटें. स्वतः त्यांचा कल उलट्या चित्राकडे होता. त्यांच्या मैत्रिणी व प्रियकर यांचा कल सरळ चित्राकडे होता. मनुष्य स्वतःस आरशांत ओळखतो, जग त्यास समोरून ओळखतें. हें कारण हंसतमुखानें सांगितलें तर रुसवा ओसरतो. पण चित्र नकोच असेल तर वाद न घालतां तें काढून टाकावें. चेहरा तिचा आहे.

याच ठिकाणीं रंगाचा प्रश्न येतो. "जरा उजळ करा," अशी सूचना वधूच्या समक्ष, आणि तीही बहुधा तिच्या वडीलधाऱ्यांकडून, येते. पिवळट दिव्यांमुळें आलेली छटा काढणें हें छायाचित्रकाराचें कर्तव्य आहे. आठ दिवसांत जाणारी पुटकुळी पुसणें हेंही क्षम्य आहे. परंतु सांवळ्या मुलीस गोरी करणें म्हणजे ती आहे तशी पुरेशी नाहीं असें तिच्याच अल्बमांत लिहून ठेवणें होय. नव्या माणसास ग्राहक दुखविण्याची भीति असते; म्हणून चित्रें दाखवितांना मूळ वर्ण राखलेलें उत्तम प्रकाशांतलें चित्रच प्रथम पुढें ठेवावें. चांगलें चित्र समोर असलें म्हणजे ही मागणी पुष्कळदां निघतच नाहीं, आणि निघालीच तर प्रथम वधूस विचारावें.

शेवटीं मालकीची गोष्ट. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें, मोबदला देऊन एखाद्यानें काढविलेल्या छायाचित्राचा प्रथम हक्क, उलट करार नसेल तर, काढविणाराचा असतो. अर्थात् आपल्या कामाचा नमुना म्हणून चित्र जाहीर करावयाचें असल्यास छायाचित्रकारानें तशी लेखी संमति आधीं घ्यावी, आणि ती दोघांचीही घ्यावी. साखरपुडा म्हणजे विवाह नव्हे. क्वचित् ठरलेलें मोडतें. अशा वेळीं सर्वत्र पसरलेलें एक हंसरें चित्र त्या मुलीस वा मुलास वर्षानुवर्षें छळूं शकतें. संमति मागें घेतां येईल असें कलम करारांत असणें, हें धंद्याच्या दृष्टीनें नुकसानीचें नसून विश्वासाचें भांडवल आहे.

वीस-पंचवीस वर्षांनीं तो अल्बम कपाटांतून निघेल, तेव्हां भिंग कोणतें होतें हें कोणी विचारणार नाहीं. घरांतली मुलगी पानावर बोट ठेवून विचारील, "या कोण?" आणि कोणी तरी सांगेल, "ही तुझी पणजी. आईला जवळ घेते आहे." तें पान अल्बमांत असावें कीं नसावें, हें एका रात्रीं एका नवशिक्या छायाचित्रकारानें ठरविलेलें असतें.