लिंगझीची परीक्षा

सोने विकत घेताना आपण केवळ विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. ते कसाला लावून पाहतो. मग जे औषध आपण प्रत्यक्ष पोटात घेतो आणि ज्याच्यावर आपल्या जिवाची मदार असते, त्याची परीक्षा नको काय? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या औषधाची अशी परीक्षा कशी घेतात, हे चीन देशातील एका अळंबीच्या उदाहरणावरून आपण पाहू.

पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणारी नाजूक, पांढरी भूछत्रे तुम्ही पाहिली असतीलच. लिंगझी ही त्यांच्याच कुळातली. परंतु ती लाकडासारखी कठीण असते. जुन्या, कुजू लागलेल्या झाडांच्या बुंध्यावर ती वाढते. तिचा रंग तांबूस तपकिरी असून वरचा पृष्ठभाग रोगण दिल्यासारखा चकाकतो. आपल्या कोकणात फणसाच्या झाडावर ‘फणसांबा’ नावाची अशीच कठीण अळंबी उगवते व तीही घरगुती औषधात वापरतात. लिंगझी चवीला अतिशय कडू असते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी वनौषधिग्रंथात तिच्या सहा रंगांच्या जाती वर्णिल्या आहेत. पूर्वी ती रानातही क्वचितच सापडे. जे दुर्मिळ असते, त्याच्याभोवती आख्यायिकांचे जाळे सहज विणले जाते. लिंगझी खाणारा अमर होतो, अशीही लोकांची समजूत होती. परंतु सोळाव्या शतकातील थोर चिनी वैद्य ली शिझेन यांनी ह्या समजुतीला निखालस वेडगळ ठरवले. परंपरेची चिकित्सा करणारी माणसे परंपरेतच जन्माला येतात, ती अशी!

लिंगझी अमरत्व देत नसली, तरी खोकला व धाप ह्यांवर चिनी वैद्य तिचा उपयोग करीत आले. दमा हा तसा जुनाच शत्रू. आपल्या श्वासनलिकेला झाडाप्रमाणे अनेक शाखा फुटलेल्या असतात. दम्याच्या रोग्यात ह्या शाखांचे आतील अस्तर सुजलेले असते. धूळ, परागकण, धूर किंवा थंड हवा ह्यांपैकी एखादे निमित्त घडले, की त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि वाट अरुंद होते. आत घेतलेली हवा बाहेर टाकणेच कठीण होऊन बसते. छातीतून सूं सूं असा आवाज येतो आणि रोग्याला सारी रात्र बसून काढावी लागते. २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी लोकांना दमा होता व त्या एका वर्षात सुमारे साडेचार लाख माणसे त्याला बळी पडली, असे जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते.

तुम्ही म्हणाल, ‘ह्यात अवघड काय आहे? रोग्याला अळंबी द्यावी आणि त्याला बरे वाटते की नाही ते पाहावे.’ परंतु दम्याची चाल मोठी फसवी आहे. तो कधी उफाळतो, तर कधी आपोआप शमतो. शमण्याच्या वेळी रोग्याने जे काही घेतले असेल, त्याला यशाचे श्रेय मिळते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तशातला हा प्रकार. ह्याहून फसवी गोष्ट म्हणजे मनाची आशा. २०११ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे ह्याविषयी एक उद्बोधक प्रयोग प्रसिद्ध झाला. दम्याच्या सुमारे चाळीस रुग्णांना आळीपाळीने कधी खरे औषध, तर कधी औषध नसलेला बनावट फवारा हुंगायला दिला. दोन्ही वेळा रुग्णांनी ‘बरे वाटले’ असे जवळजवळ सारखेच सांगितले. पण एका सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा यंत्राने मोजली, तेव्हा खऱ्या औषधाने ती सुमारे २० टक्क्यांनी वाढली होती आणि बनावट फवाऱ्याने अवघी ७ टक्क्यांनी! ज्याला बरे वाटते पण ज्याच्या श्वासाची वाट अरुंदच राहते, असा रोगी किती मोठ्या धोक्यात असतो, ह्याची कल्पना ह्यावरून यावी.

म्हणूनच औषधाच्या परीक्षेला काही नियम घालून दिले आहेत. पहिला नियम तुलनेचा. रुग्णांचे दोन गट करून एका गटाला परीक्षेचे औषध व दुसऱ्याला निराळे काही द्यावयाचे. दुसरा नियम निःपक्षपातीपणाचा. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल, हे वैद्याने ठरवावयाचे नाही. ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दैवावर सोपवावयाचे. १९४७ साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा ह्याच रीतीने घेतली गेली व तिचा आदर्श पुढे जगाने स्वीकारला. तिसरा नियम गुप्ततेचा. कोणाला काय दिले, हे रुग्णाला कळता कामा नये व तपासणाऱ्यालाही कळता कामा नये. चौथा नियम मोजमापाचा. केवळ ‘कसे वाटते’ एवढे विचारून न थांबता यंत्राने श्वास मोजावयाचा.

लिंगझी ह्या कसाला लागली, ती एकटी नव्हे. न्यूयॉर्क येथील माउंट सिनाई वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. शिउमिन ली आणि त्यांचे सहकारी एका पारंपरिक चिनी औषधाचा अभ्यास करीत होते. त्यात चौदा वनस्पती होत्या. उंदरांवर प्रयोग करून त्यांनी त्या चौदांमधून तीनच द्रव्ये निवडली : लिंगझी, कुशेन नावाच्या झुडपाचे मूळ आणि आपल्या ज्येष्ठमधाची चिनी बहीण. मग चीनमधील वेइफांग येथे दम्याच्या ९१ प्रौढ रुग्णांवर ह्या मिश्रणाची चाचणी झाली. चार आठवडे ४५ जणांना हे मिश्रण, तर ४६ जणांना प्रेडनिसोन हे दम्यावरील प्रभावी औषध देण्यात आले. मिश्रण कॅप्सूलमध्ये होते आणि प्रेडनिसोनच्या गोळ्या होत्या. मग गुप्तता कशी राखावी? युक्ती साधी होती. प्रत्येकाला कॅप्सूल आणि गोळी दोन्ही दिली. मात्र त्यांतील एक खरी व दुसरी पोकळ!

२००५ साली ह्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांतील रुग्णांचा श्वास सुधारला होता. प्रेडनिसोन घेणाऱ्यांचा थोडा अधिक सुधारला होता. परंतु आपले शरीर कॉर्टिसॉल नावाचा जो उपयुक्त स्राव स्वतः तयार करते, त्याचे रक्तातील प्रमाण प्रेडनिसोनने घटले, तर वनौषधींच्या मिश्रणाने वाढले. पुढे अमेरिकेत २० रुग्णांवर ह्या मिश्रणाच्या सुरक्षिततेची छोटी चाचणी झाली. तिचा निकाल २००९ साली आला व तीत गंभीर अपाय आढळला नाही.

मग लिंगझीने दमा बरा होतो, असे म्हणावे काय? नाही. परीक्षा तीन द्रव्यांच्या मिश्रणाची होती. त्यात एकट्या अळंबीचा वाटा किती, हे तिने सांगितलेले नाही. कोणतेच औषध न मिळालेला तिसरा गट तीत नव्हता. चार आठवड्यांचा काळही वर्षानुवर्षे चालणाऱ्या रोगाच्या मानाने अल्पच. शिवाय लिंगझीच्या जातभाईंचे बीजाणू हवेतून श्वासात गेले, तर काही माणसांना त्यांचाच त्रास होतो. निसर्गात उगवले म्हणून ते निरुपद्रवी, असा नियम नाही. म्हणून ह्या चाचणीने आशेचा एक दरवाजा उघडला, एवढेच म्हणता येईल. आजही दम्याच्या उपचारात मुख्य स्थान आहे ते श्वासावाटे घ्यावयाच्या, सूज कमी करणाऱ्या औषधांचे. ती सोडून कोणी एखाद्या अळंबीच्या भुकटीवर विसंबेल, तर त्याची किंमत प्राणांनीही मोजावी लागेल.

जुने म्हणून डोळे मिटून स्वीकारणे हा जसा अविवेक, तसाच जुने म्हणून हसून फेकून देणे हाही अविवेकच. लिंगझीच्या परीक्षकांनी ह्या दोहोंपैकी काहीच केले नाही. त्यांनी परंपरेला आदराने जवळ बसवले आणि प्रश्न विचारले. कोणी एखाद्या औषधाची थोरवी सांगू लागला, तर तुम्हीही त्याला नम्रपणे विचारा : किती जणांना दिले? कोणाशी तुलना केली? काय मोजले? जे औषध खरोखर गुणकारी आहे, त्याला ह्या प्रश्नांचे भय नसते.