माणदेशाचा कान

गेल्या दिवाळीत एका अंकात माझी कथा आली. कथेत एक वाक्य होतं : बापूनं त्या रात्री पाटलाच्या वावरात मेंढरं बसवली. छापून आलं ते असं : बापूने त्या रात्री पाटलाच्या शेतात मेंढ्यांना खाली बसवले. चार ओळींनंतर मी 'वाघर' लिहिलं होतं, तिथे 'जाळी' झाली होती. संपादकांना फोन केला. ते सौजन्यानं म्हणाले, "सर, आजच्या वाचकाला अडखळायला होतं."

मेंढरं बसवणं म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. सुगी झाल्यावर धनगर आपलं खांड घेऊन गावोगाव फिरतो. रात्री मेंढरं कुणाच्या तरी रानात, भोवती वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण लावून, मुक्कामाला ठेवतो. लेंड्या आणि मूत यांचं खत रानाला मिळतं, बदल्यात शेतकरी धान्य देतो, आता पैसे देतो. किती रात्री, कुणाच्या वावरात, किती पायलीवर, यात मान असतो, भांडणं असतात, पिढ्यांची सोयरीक असते. माझी कथा त्या व्यवहारावरच उभी होती. मेंढ्यांना 'खाली' बसवल्यावर बापू मेंढ्यांना उठाबशा काढायला लावणारा कुणी तरी वेडा झाला आणि कथा तिथेच मेली. पन्नास वर्षं लिहितोय. इतकं काही कधी लागलं नव्हतं.

यंदा शंकर पाटलांची शंभरी. पुढच्या वर्षी द. मा. मिरासदारांची आणि व्यंकटेश माडगूळकरांची. तिघांच्या नावानं कार्यक्रम होतील, हार घातले जातील, 'मातीचा सुगंध' हे शब्द किमान शंभर वेळा उच्चारले जातील. मला त्यातल्या माडगूळकरांबद्दलच बोलायचं आहे, कारण मी लिहायला लागलो तो त्यांच्यामुळे, आणि ज्या गोष्टीसाठी मी त्यांचा ऋणी आहे ती आज पुसली जाताना मला दिसते आहे. त्यांच्याशी मी कधी एक शब्दही बोललो नाही.

त्यांचं आयुष्य सगळ्यांना माहीत आहे, म्हणून झरझर सांगतो. माडगूळ हे गाव, औंध संस्थानातला तो कोरडा मुलूख, माण नदीचं खोरं. थोरले भाऊ ग. दि. माडगूळकर. घरात दारिद्र्य. शाळा अर्धवट, बेचाळीसच्या चळवळीत उडी, चित्रकलेचा नाद. इंग्रजी स्वतःच्या बळावर वाचायला शिकले. १९४९ साली 'माणदेशी माणसं', १९५५ साली 'बनगरवाडी', आणि त्याच साली पुणे आकाशवाणीत ग्रामीण कार्यक्रमांची नोकरी, ती पुढे जवळजवळ तीस वर्षं. मधल्या काळात नाटकं, सिनेमाच्या पटकथा. हे सगळं मोठं आहे, पण मी तेव्हा पाळण्यात नाहीतर बिगरीत होतो. त्या वर्षांबद्दल मी जे बोलेन ते ऐकीव असेल.

माझी वर्षं सुरू होतात बहात्तरच्या दुष्काळापासून. आमचं घर धनगराचं. वडील प्राथमिक शिक्षक झाले म्हणून मी शाळेत गेलो, पण आजोबांची मेंढरं दारात होती. बहात्तरला ती निम्मी मेली, उरलेली मातीमोलानं गेली. गावातली निम्मी माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली. सुकडी आणि तांबडी मिलो खाऊन दिवस काढले. त्या मिलोची भाकरी थापली जात नसे, कडा फाटायच्या, आणि आई फाटलेल्या कडा बोटानं सांधत बसायची. पुढच्या वर्षी मी पुण्याला कॉलेजात गेलो. एका खोलीत सात जण. संध्याकाळी नगर वाचन मंदिरात जाऊन बसायचो, कारण तिथे पंखा होता आणि पैसे लागत नव्हते. तिथे 'बनगरवाडी' हाती आली.

पहाटे एक कोवळा पोरगा मास्तर म्हणून वाडीकडे चालत निघतो, इथपासून मी वाचू लागलो आणि वाडी येईपर्यंत मला धाप लागली. ती माझी वाट होती. पुस्तकात अशी माणसं असू शकतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत 'झेल्या' होता, पण तो धडा होता, त्याखाली प्रश्न होते. इथे प्रश्न नव्हते. कारभारी, आनंदा रामोशी, दादू बालट्या, आयबू ही माणसं बोलायची तसं आमच्याकडे खरंच बोलत. वाक्य कुठे तोडायचं, कुठे गप्प बसायचं, कुठे नुसतं 'हां' म्हणून विषय बदलायचा, सगळं तसंच. माझ्या लक्षात आलं की या माणसानं आधी ऐकलं आहे, वर्षानुवर्षं ऐकलं आहे, आणि मग लिहिलं आहे. रेघ ओढणाऱ्या माणसाचा डोळा त्यांच्याकडे होताच. त्या डोळ्याबद्दल सगळे बोलतात. मला त्यांचा कान जास्त मोठा वाटतो.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते पुस्तक मी घरी नेलं आणि आजीला वाचून दाखवू लागलो. रोज संध्याकाळी, ओट्यावर, कंदिलाशी. आजी लोकर पिंजत ऐकायची. मधेच "हा कारभारी कुनाचा?" असं विचारायची, जणू कूळ सांगितलं की ओळख पटेल. तालमीचं बांधकाम चाललं तेव्हा हसली. शेवटाकडे पाऊस फिरतो, वाडी ओस पडू लागते, माणसं मेंढरं घेऊन निघून जातात, तिथे ती उठली. "पुरं कर," म्हणाली, आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी तिनं मला विचारलं, "मास्तर शेवटाला गेला का?"

"व्हय. गेला."

"जानारच. त्यो पगारी."

ते वाक्य मी पुढे दहा वर्षं घेऊन फिरलो. ते दशक होतंच तसं. एकीकडे गणपतीच्या मांडवात कथाकथनाला हजारांनी माणसं लोटायची. शंकर पाटलांची 'धिंड', मिरासदारांचा 'भुताचा जन्म' ऐकायला मीही मांडवाच्या दोरीपाशी उभा राहिलो आहे. कथा तोंडानं सांगायची असते याची मराठीला या दोघांनी आणि माडगूळकरांनी पुन्हा आठवण करून दिली. पण त्याच टाळ्यांनी एक नुकसानही केलं. खेडं म्हणजे हशा, ही सवय शहराला लागली. संपादकांची पत्रं येत : काहीतरी खुसखुशीत ग्रामीण पाठवा. शंकर पाटलांनी 'टारफुला'सारखी सत्तेची भेसूर कादंबरी १९६४ सालीच लिहून ठेवली होती, तिच्याबद्दल मांडवातल्या कुणी मला कधी विचारलं नाही.

दुसरीकडे समीक्षक. एका शिबिरात एका प्राध्यापकांनी माझी कथा वाचून सांगितलं, निरीक्षण चांगलं आहे, चिंतन नाही, अगदी माडगूळकरांसारखं. त्यांना नावं ठेवायची होती. मी खाली मान घालून बसलो, याचं मला आजही वाईट वाटतं. आता पंचेचाळीस वर्षांनी उत्तर देतो. आनंदा रामोशी चोरी का करतो, याचं चिंतन माडगूळकर लिहीत नाहीत, कारण आनंदा ते बोलून दाखवणार नाही. तो काय करतो, काय लपवतो, कुणाच्या नजरेला नजर देत नाही, एवढं ते लिहितात. ज्याला यात विचार दिसत नाही त्याला तो वेगळा फळ्यावर लिहून हवा असतो. 'ग्रामीण' हा शिक्काही त्याच मंडळींनी मारला. मुंबईवर लिहिणाऱ्याच्या कादंबरीला कुणी 'महानगरी' म्हणून वेगळ्या फळीवर ठेवत नाही. आमच्या पुस्तकांना मात्र फळी ठरलेली, आणि ती खालची.

त्याच वर्षांत एक खरी टीकाही उभी राहिली, आणि ती प्राध्यापकांनी केलेली नव्हती. १९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' आलं, १९८० ला लक्ष्मण मानेंचं 'उपरा'. माने साताऱ्याकडचे, कैकाडी, गाढवावर बिऱ्हाड टाकून फिरणाऱ्यांतले. 'उपरा' वाचल्यावर मी 'माणदेशी माणसं' पुन्हा काढलं. धर्मा रामोशी, गणा महार, शिदा चांभार. माया तीच, नेमकेपणा तोच, पण आता मला दिसलं की ही सगळी माणसं कुलकर्ण्याच्या मुलाला दिसलेली आहेत, ओट्यावरून. आजीच्या त्या 'पगारी'चा अर्थ मला तेव्हा कळला. आमचे काही मित्र त्यामुळे माडगूळकरांना मोडीत काढायला निघाले. मला ते जमलं नाही. ओट्यावरून बघणारे हजार होते, त्यांना धर्मा कधी दिसला नव्हता. आणि १९६४ साली 'वावटळ' लिहून त्यांनी गांधीहत्येनंतरच्या, अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीकडे पाहिलं, तेव्हा आपल्याच माणसांच्या घरांची राख समोर असताना त्यांचा आवाज चढला नाही. हे सोपं नाही. मी प्रयत्न करून पाहिलं आहे.

मग ते माणसांकडून जनावरांकडे गेले. बंदुकीकडून दुर्बिणीकडे गेले, असंही म्हणता येईल, कारण सुरुवातीला ते शिकारी होते. 'नागझिरा' आलं, आणि १९८२ ला 'सत्तांतर'. वानरांच्या टोळीत म्हातारा नर हरतो, नवा येतो, पिलं मारली जातात. सव्वाशे पानंही नसतील. लोकांनी त्यात राजकारण शोधलं, त्यांनी शोधावं. मी वाचलं तेव्हा मला वाटलं, हा लेखक अजून शिकतोय. पंचावन्नाव्या वर्षी यानं नवी भाषा ऐकायला घेतली, जिच्यात शब्दच नाहीत. १९८३ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याच साली अंबाजोगाईला ते संमेलनाध्यक्ष झाले. आणि त्याच्या आदल्या वर्षी 'सत्यकथा' हे मासिक बंद पडलं होतं. माझी एक कथा त्या मासिकाकडून साभार परत आली होती, समासात पेन्सिलीनं तीन खुणा करून. तिन्ही बरोबर होत्या. कुठेही शब्द बदललेला नव्हता. फक्त खूण होती, की इथे तुम्हीच पुन्हा ऐका. अशी पेन्सिल पुन्हा मला भेटली नाही.

पुढच्या चाळीस वर्षांत काय झालं ते मी लांबवत नाही. १९९५ ला अमोल पालेकरांनी 'बनगरवाडी'चा सिनेमा केला. २००१ च्या ऑगस्टमध्ये माडगूळकर गेले. मी नोकरी केली, सात पुस्तकं लिहिली, त्यातली दोन बरी आहेत. माणदेशात टेंभूचं पाणी आलं. कृष्णेचं पाणी उपसून डोंगरापलीकडे आणलं, आणि ज्या रानात हुलगाही धड येत नव्हता तिथे डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. मला याचा निखळ आनंद आहे. बहात्तर ज्यानं पाहिलं त्यानं दुष्काळाच्या आठवणीनं गहिवरून गळे काढू नयेत. बनगरवाडी ओस पडली तर कादंबरी होते, माणसांचं मात्र वाटोळं होतं.

मला दुःख आहे ते वेगळ्याचं. आज खेड्यावर लिहिणारी पोरं माझ्यापेक्षा हुशार आहेत, जास्त वाचलेली आहेत, त्यांच्यातली कितीतरी आतली आहेत, पगारी मास्तर नव्हेत. पण त्यांच्या कथेला छापायच्या आधी कुणीतरी धुऊन काढतो. ऐकायच्या कथा बनवणाऱ्या एका कंपनीनं माझ्या ओळखीच्या एका मुलीला सांगितलं, बोली ठेवा, पण सगळ्यांना कळेल अशी ठेवा. म्हणजे 'व्हय' चालेल, 'न्हाय' चालेल, 'वाघर' चालणार नाही. वर बोलीचा शिडकावा आणि आत प्रमाण मराठीचा भुसा. माडगूळकरांनी ज्या शब्दांसाठी कान दिला ते शब्द कामाचे होते, हत्यारासारखे. ते काढून फक्त हेल ठेवायचा, म्हणजे औताचा फाळ काढून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवर नांगरट करायची.

छापून आलेला तो अंक मी गावी नेला होता. पुतण्याकडे आज शंभराच्या वर मेंढरं आहेत, माडग्याळी, उंच नाकाची. वर्षातले सात-आठ महिने तो बाहेर असतो. लांबचा टप्पा असला की कोकरं आणि बिऱ्हाड टेम्पोतून जातात. संध्याकाळी त्याच्या तळावर गेलो. त्याला कथा दाखवली नाही. नुसतं विचारलं, हल्ली वाघर म्हणतात का रे कुणी?

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी 'हल्ली पाण्याला पाणी म्हणतात का' असं काही विचारलं असावं.

"मग काय म्हंत्यात? नाना, सुताच्या ऱ्हायल्या न्हाईत येवढंच. आता नायलॉनच्या आल्यात, मीटरवर मिळत्यात. ती बघा की."

मेंढरं आत घेऊन झाली होती. त्याची बायको खुंट्या ठोकत वाघर ओढून घेत होती, एका कोपऱ्यात गाठ बसत नव्हती. मी पलीकडचं टोक धरलं. ती म्हणाली, "ढिली सोडा, मामा. ताणली की कोकरू मान घालून अडकतं." मग तिनं खालच्या कडेला एक एक दगड ठेवत नेला, आणि कुठला दगड कशासाठी, हे सांगत गेली. दोन शब्द मला नवे होते. घरी येऊन लिहून ठेवले आहेत.